सरकार आणि सरकारचे चाकर

श्रोतेहो, 'सरकार' हा शब्द आपण मराठी माणसे फार सैलपणे वापरतो. तलाठी गावात आला की सरकार आले. मोजणीदार साखळी घेऊन शेतात उतरला की सरकार आले. कचेरीच्या दारातला शिपाई जरा दरडावून बोलला, तरी घरी येऊन आपण सांगतो की सरकारने हाकलून दिले. शब्दाची ही योजना वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्या पोटात राज्यशास्त्रातील एक अत्यंत बिकट प्रश्न दडलेला आहे. राज्य ही एक वस्तू आणि राज्य चालविणारी माणसे ही दुसरी वस्तू, की दोन्ही एकच? एकच असतील, तर कारभाऱ्यास दोष देणारा प्रत्येक मनुष्य राज्याचा द्रोही ठरेल. भिन्न असतील, तर त्या दोहोंमधील सीमारेषा कोठे काढावयाची, व ती काढण्याचा अधिकार कोणाचा?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या परिषदेतला नव्हे. १९१६ साली तो प्रत्यक्ष न्यायासनापुढे आला, आणि तो ज्या भाषणांमुळे आला त्यांपैकी दोन आमच्या नगरात, मराठीतून झालेली होती. मी भिंगारचा. नगर शहराच्या पूर्वेस लागूनच आमचे गाव, मध्ये भुईकोट किल्ला, व सभोवार लष्कराची छावणी. राज्ये कशी येतात व कशी जातात हे पाहण्यास यापेक्षा सोयीची जागा क्वचितच सापडेल. तेव्हा आरंभ येथूनच करू.

२८ मे १४९० रोजी याच भिंगारच्या परिसरात मलिक अहमदाने बहमनी सुलतानाच्या सैन्याचा पराभव केला, आणि निजामशाहीचा पाया घातला गेला. पुढे १४९४ मध्ये शहर वसविण्यास प्रारंभ झाला. त्या शहरास अहमदनगर हे नाव मिळाले व ते पाच शतकांहून अधिक काळ चालले. २०२४ पासून ते अहिल्यानगर झाले आहे. मलिक अहमदाच्या राज्यास आधार काय होता? त्या दिवशी तरी केवळ जय. बहमनी सुलतानापाशी वंशपरंपरेचा हक्क होता, अहमदापाशी तलवार होती, आणि तलवारीने हक्कावर मात केली. जगातील बहुतेक राज्यांची जन्मकथा याहून वेगळी नाही. इंग्लंडातील हॉब्स याने १६५१ साली आपला ग्रंथ लिहिताना हीच गोष्ट मनाशी धरली होती. अराजकाहून कोणतेही राज्य बरे, हे त्याचे सार. आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात मत्स्यन्यायाची कल्पना आहे ती हीच. मोठा मासा लहान माशास खातो, ते थांबविण्यासाठी प्रजेने मनूस राजा केले. मात्र शांतिपर्वातील प्रजा पक्की व्यवहारी दिसते. पशू व सोने यांचा पन्नासावा भाग आणि धान्याचा दहावा भाग देऊ, असा तिने आधी ठराव केला व मग राज्य दिले! म्हणजे राजाचा भाग हे रक्षणाचे वेतन झाले. वेतन घेणारा तो चाकर, मग त्याच्या मस्तकी मुकुट का असेना.

भिंगारच्या जवळच आलमगीर नावाचे स्थान आहे. दक्षिणेत पंचवीस वर्षांवर मोहीम चालवून थकलेला औरंगजेब बादशहा १७०७ च्या आरंभी येथेच, अहमदनगरच्या छावणीत, वारला. त्याचा देह येथून खुलदाबादेस नेण्यात आला. त्याने अखेरच्या दिवसांत पुत्रांस लिहिलेली म्हणून जी पत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांत एक कबुली वारंवार डोकावते, ती अशी की, राज्याचे व रयतेचे रक्षण आपल्या हातून झाले नाही. मला या कबुलीचे महत्त्व फार वाटते. ज्याच्या आज्ञेत काबूलपासून कर्नाटकापर्यंतचा मुलूख होता, त्याने मरणाच्या दारी स्वतःस मोजण्यास माप कोणते घेतले? किल्ले किती घेतले हे नव्हे. रयत सुखी ठेविली काय, हे.

मराठ्यांच्या राज्यात हे माप आरंभापासून कागदावर उतरलेले आढळते. राज्याभिषेकापूर्वी चिपळूणच्या बाजूस घोडदळाची छावणी पडली असता शिवाजी महाराजांनी तेथील अंमलदारांस पाठविलेले पत्र इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. दाणा, गवत, भाजी जे लागेल ते बाजारात मोल देऊन घ्यावे, रयतेच्या घरात शिरू नये, हा त्याचा आशय. तसे न केल्यास कुणबी देशोधडीस लागतील आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे म्हणू लागतील, असा इशाराही त्यात आहे. या इशाऱ्याकडे नीट लक्ष द्यावे. येथे राजा आपल्याच शिपायांस सांगतो आहे की, कुणब्यास तुलना करता येते. आपले राज्य व परके राज्य यांतील भेद जन्माने वा ध्वजाने ठरत नसून शिपाई दारात आल्यावर तो कसा वागतो यावर ठरतो, आणि तो ठरविणारा कुणबी आहे.

रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र औरंगजेबाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आतच, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या आमदानीत सिद्ध झाले. थोरल्या महाराजांच्या काळापासून राज्याची चाकरी केलेल्या वृद्ध कारभाऱ्याचे ते अनुभवाचे बोल. त्यात किल्ले आहेत, आरमार आहे, सावकार व टोपीकर आहेत. राज्यातच लहान राज्य करून बसणारे वतनदारही आहेत, आणि त्यांच्याविषयी अमात्यांनी लिहिलेले इतके रोखठोक आहे की आजही वाचताना हसू येते. परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो झाडांविषयीचा मजकूर. आरमारास लाकूड हवे. सागवान वगैरे आपल्या रानातले परवानगीने तोडावे, कमी पडल्यास विकत आणावे. आंबा आणि फणस हेही आरमाराच्या उपयोगाचे; पण त्यांस हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोराप्रमाणे बहुत काळ जतन केलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून व मोल देऊन न्यावे; जबरदस्ती सर्वथा करू नये. एकाला दुःख देऊन केलेले कार्य करणाऱ्यासकट थोड्याच काळात नाहीसे होते, असेही तेथे बजावलेले आहे.

राज्याची सत्ता एका आंब्याच्या बुंध्यापाशी येऊन थांबते, हा विचार लहान नाही. इंग्लंडात जॉन लॉक याने १६८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मालमत्तेच्या रक्षणासाठीच लोक राज्य निर्माण करतात, व संमतीवाचून ती कोणास घेता येत नाही, असे प्रतिपादन केले. अमात्यांनी लॉक वाचला असण्याची गोष्टच नको. एकाने सिद्धान्त मांडला, दुसऱ्याने आरमाराच्या सुतारास हुकूम दिला. हुकूम अधिक अवघड, असे माझे मत.

तथापि आज्ञापत्रात एक उणीव राहते, व ती त्या काळाची आहे. राजाने प्रजेचे हित करावे हे खरे. पण त्याने ते केले नाही तर? अमात्यांचे उत्तर असे की, देव पाहतो, शाप लागतो, राज्य बुडते. कुणबी फार तर मुलूख सोडून जाईल. हित कशात आहे हे सांगण्याचा अधिकार राजाकडे व त्याच्या शहाण्या मंत्र्याकडेच राहतो. चिपळूणच्या पत्रातला कुणबी तुलना करतो, पण त्याच्या तुलनेचा उपयोग राजा ऐकेल तोवरच.

आता १९१६ कडे वळू. मध्यंतरी इंग्रजांचे राज्य स्थिरावले होते, आणि १८७० साली त्यांनी दंडसंहितेत १२४ अ हे कलम घातले होते. कायद्याने स्थापिलेल्या सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा. १८९७ साली टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस समजावून सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. या एका व्याख्येने राज्याने प्रजेच्या अंतःकरणावर कर बसविला! दहावा भाग धान्याचा देणारी शांतिपर्वातील प्रजा येथे अडखळली असती. आज्ञापालन मागता येते, कर मागता येतो; प्रेम हुकमाने कसे मागावे? टिळकांस तेव्हा अठरा महिन्यांची शिक्षा झाली, १९०८ साली पुन्हा त्याच कलमाखाली सहा वर्षांची, व ते मंडालेस गेले. तेथे लिहिलेले गीतारहस्य १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हा ग्रंथ येथे उगीच आणला नाही. पुढे त्याचा संबंध येतो.

एप्रिल १९१६ अखेर बेळगाव येथे टिळकांनी होमरूल लीग स्थापिली, १ मे रोजी तेथे व्याख्यान दिले, आणि ३१ मे व १ जून अशा लागोपाठ दोन दिवशी ते अहमदनगरात बोलले. या तीन व्याख्यानांत त्यांनी जे केले ते असे: 'सरकार' या आपल्या सैल शब्दाची त्यांनी फोड केली. एक सरकार अव्यक्त आहे. समाज आहे तोवर राज्यसंस्था हवीच, तिच्यावाचून चालणार नाही, तिच्याशी कोणाचे भांडण नाही. दुसरे सरकार व्यक्त, म्हणजे साहेब, कलेक्टर, मामलेदार, पोलीस. निर्गुण ब्रह्म मायेच्या योगाने सगुण होऊन नाना रूपे धारण करते, तद्वत हे. रूपे बदलता येतात, बदलावी लागतात. त्यामुळे ब्रह्मास बाध येत नाही. गीतारहस्याच्या कर्त्यास हा दृष्टान्त सुचावा यात नवल नाही. पण बाजारातल्या श्रोत्यांसाठी त्यांनी त्याहून सोपा दृष्टान्तही दिला. देव आहे, भक्त आहेत, आणि मध्ये बडवे आहेत. देव बदला असे कोण म्हणतो? बडवे बदला, एवढेच मागणे. पंढरीच्या वारीत बडव्यांचा हात ज्यांनी सोसला होता, त्यांस याचे अधिक विवरण नको होते.

नगरच्या भाषणात त्यांनी आणखी एक पायरी चढविली, आणि माझ्या मते सर्व विषयाचे मर्म तेथे आहे. परकी कोण? ज्याचा धर्म निराळा तो परकी नव्हे. ज्याची कातडी गोरी तोही केवळ तेवढ्याने परकी नव्हे. परकेपणा हितसंबंधात असतो. जो या देशात राहू इच्छितो, ज्याची मुलेबाळे येथेच राहणार आहेत, येथील धंदे भरभराटीस यावेत अशी ज्याची इच्छा आहे, तो आपला. या संदर्भात त्यांनी येथे राज्य केलेल्या मुसलमान राजांचा दाखला दिला व त्यांस आपण परके म्हणत नाही असे सांगितले. श्रोतेहो, निजामशहाच्याच नगरात हे सांगितले गेले हे ध्यानी घ्या. निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, असे फेरिश्ता लिहितो. तिच्या मलिक अंबराने बसविलेल्या जमाबंदीचे नाव तो १६२६ मध्ये वारल्यानंतरही मागे राहिले. शहाजीराजांनी तीच शाही सावरण्यासाठी १६३६ पर्यंत खटपट केली. टिळकांच्या व्याख्येस नगरच्या मातीत पुरावा भरपूर होता.

आता आज्ञापत्राशी ताडून पाहा. हित हे राज्याचे अधिष्ठान, येथवर दोघांचे एकमत. अमात्य म्हणतात, कारभाऱ्याने रयतेचे हित पाहावे. टिळक म्हणतात, हित पाहिले जाते की नाही हे रयतच सांगेल, आणि कारभारी नेमण्याची व काढण्याची सत्ता तिच्या हाती द्या. चिपळूणचा कुणबी आता तुलना करून थांबत नाही. तो बडवा बदलू मागतो.

सरकारने काय केले? २३ जुलै १९१६ रोजी टिळकांस साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यास समारंभ झाला, एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. आणि त्याच दिवशी पोलिसांनी त्यांच्या हाती नोटीस दिली. एक वर्ष नीट वागण्याबद्दल वीस हजारांचा मुचलका व दहा दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा, अशी ती नोटीस. १२ ऑगस्टला पुण्याच्या मॅजिस्ट्रेटाने तसा हुकूम केलाही. टिळक हायकोर्टात गेले. त्यांची बाजू मांडली बॅरिस्टर जिना यांनी. पुढील तीस वर्षांचा इतिहास माहीत असलेल्यास हे नाव वाचून क्षणभर थांबावे लागते; पण त्या वर्षी तसे होते खरे.

९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. टिळकांचा भेद न्यायासनाने जसाच्या तसा उचलला, असे मात्र नाही. बॅचलर यांचे म्हणणे असे होते की, राज्य माणसांच्या द्वारेच वागते, आणि हिंदुस्थानात ती माणसे मुख्यतः सिव्हिल सर्व्हिसची. तेव्हा नोकरवर्गावरील टीका राज्यास कधीच लागत नाही, असे सरसकट म्हणता येणार नाही. ती लागली की नाही हे प्रत्येक भाषणाच्या एकंदर परिणामावरून पाहावे. भाषण समग्र वाचावे, सुटी वाक्ये वेचून काढू नयेत, आणि अर्थ ओढूनताणून राजाच्या बाजूसही नेऊ नये व आरोपीच्या बाजूसही नेऊ नये. असे वाचता या भाषणांचा स्वाभाविक परिणाम राज्याविषयी द्वेष पसरविणारा ठरत नाही. ज्याला दोन वेळा तुरुंग दाखविला, त्याच मनुष्याचे 'स्वराज्य द्या' हे मागणे कायद्याच्या मर्यादेत बसते, असे परक्या राज्याच्या न्यायालयास म्हणावे लागले.

कोणी म्हणतात, देव आणि बडवा हा सर्व वकिली बचाव होता. टिळकांच्या मनात बादशहाविषयी कसली आली भक्ती? बादशहाचे नाव घेण्यात सावधगिरी होती, हे मी मान्य करतो. दोनदा पोळलेला मनुष्य ताक फुंकूनच पिणार. पण ढाल म्हणून उचललेली वस्तू खरी नसतेच असे नाही. राज्य व राज्यकर्ते यांतील भेद टिळकांनी गरजेपोटी वापरला असेल. तो त्यांच्यावाचूनही खराच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि टिळकांच्या चाहत्यांनी तो सहसा विचारात घेतलेला नाही. हाच भेद तेहतीस वर्षे आधी जोतीराव फुले यांनी केला होता. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांचेही गाऱ्हाणे राणीकडे आहे, आणि तक्रार मधल्या माणसांविरुद्ध. पण त्यांच्या दृष्टीस मधली माणसे दोन दिसतात: ऐषारामात गुंग असलेला गोरा अधिकारी, आणि त्याच्या डोळ्यांवर पडदा ओढून शेतकऱ्यास नाडणारा ब्राह्मण कामगार. बडवे बदला म्हणता, तर नवे बडवे कोण? जुन्याच घरातले तर नव्हेत? १९१६ च्या व्याख्यानांत या प्रश्नास पुरेसे उत्तर नाही, असे मला प्रांजळपणे वाटते. हितावरून परकेपणा ठरतो ही व्याख्या टिळकांनी इंग्रजास लावली. फुल्यांनी ती नाव न देता गावच्या कुळकर्ण्यास लावली होती. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत डॉक्टर आंबेडकरांनी बजावले ते याच अंगाने: राजकारणात समता आणि समाजात व संसारात विषमता, असा विरोध फार दिवस चालू दिल्यास लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल.

१९४२ चा उल्लेख केल्यावाचून भिंगारच्या माणसाने हा विषय सोडू नये. ९ ऑगस्टला मुंबईत धरलेले काँग्रेसचे पुढारी नगरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि इतर, मिळून बारा. १९४५ पर्यंत ते कोंडलेले राहिले. नेहरूंचा भारताच्या शोधाचा ग्रंथ व आझादांची पत्रे तेथेच लिहिली गेली. त्यांच्यावर खटला झाला नाही. १९१६ साली राज्य निदान न्यायासनापुढे उभे राहून कारणे सांगत होते व हरतही होते. १९४२ मध्ये त्याने कारणे सांगणेच सोडून दिले. पाच वर्षांनी ते गेले.

२६ जानेवारी १९५० पासून आपल्या राज्यघटनेचा आरंभ लोकांच्या नावाने होतो. टिळकांच्या दृष्टान्तात बोलावयाचे तर भक्त हाच देव झाला. तरी १२४ अ हे कलम पुढे चालूच राहिले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंग यांच्या खटल्यात त्याचा अर्थ आवळला व हिंसेस किंवा अव्यवस्थेस चिथावणी देणाऱ्या कृत्यापुरतेच ते ठेविले. प्रीतीचा अभाव हा गुन्हा उरला नाही. ११ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने त्या कलमाचा अंमल स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ रोजी जुनी दंडसंहिताच गेली. नव्या संहितेत राजद्रोह या नावाचे कलम नाही; देशाचे सार्वभौमत्व, ऐक्य व अखंडत्व यांस धोका आणणाऱ्या कृत्यांबद्दल १५२ वे कलम आहे. बॅचलर यांनी टिळकांचे भाषण ज्या रीतीने वाचले, म्हणजे समग्र, ताण न देता, सुटी वाक्ये न वेचता, त्या रीतीने वाचणारे न्यायाधीश या नव्या कलमासही लागतीलच.